धोंडो हे नाव कुठून आलं, आणि आज ते बाळाला ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबांचं नाव धोंडो होतं. घरात मुलगा जन्मलाय, आजीची इच्छा आहे की तेच नाव ठेवावं. आई-वडिलांना त्याचा अर्थ 'दगड' असा कळला आणि ते बिचकले. कुणीतरी सांगितलं की हे मूळचं 'धुंडिराज', म्हणजे गणपतीचं नाव. मग खरं काय, हे नाव पूर्वी किती चालायचं, आणि आता का दिसत नाही?

वंशावळी जुळवणं आणि कुलवृत्तांतांचं संपादन यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. धोंडो हे नाव त्या कामात सतत भेटतं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी धुंडिराजाचा विषय संपवू. ढुंढिराज हा काशीचा गणपती, विश्वनाथाच्या वाटेवरचा. 'ढुंढ्' म्हणजे शोधणं, त्यावरून हे नाव. मराठीत त्याचं धुंडिराज झालं. दादासाहेब फाळक्यांचं पाळण्यातलं नाव धुंडिराज गोविंद, ते या गणपतीचं. धोंडो, धोंडू, धोंडिबा, धोंडिराम ही वेगळ्या मुळाची नावं आहेत, आणि त्यांचं मूळ सरळ धोंडा म्हणजे दगड. शिकलेल्या घरांत पुढे 'आमचा धोंडू म्हणजे धुंडिराजच बरं का' असं सांगण्याची पद्धत पडली. एखाद्या घरात खरंच कागदोपत्री धुंडिराज आणि हाकेला धोंडू असेलही. पण बहुतेक ठिकाणी हा नंतर चढवलेला मुलामा असतो. पाऊस लांबला की कडुलिंबाचा पाला गुंडाळून पोरं 'धोंडी धोंडी पाणी दे' करत दारोदार फिरत, त्या धोंडीचाही इथे संबंध जोडू नका.

अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खायला घालतात. साधारण पावणेतीन वर्षांनी हा महिना येतो. 2023 साली अधिक श्रावण होता, 2026 साली अधिक ज्येष्ठ. 'अधिकात जन्मला म्हणून धोंडू' असं काही घरांत सांगतात. एखाददुसरा असेल, पण अधिकातल्या मुलाला ठेवायची ठरलेली नावं निराळी होती: पुरुषोत्तम, आणि सातारा-सांगलीकडे अधिकराव.

आता मूळ मुद्दा. मुलाला दगड का म्हणायचं?

ज्या घरात आधीची एक-दोन मुलं गेलेली असत, तिथे पुढच्या बाळाला मुद्दाम हलकं, टाकाऊ, कुणाच्या डोळ्यांत न भरणारं नाव देत. दृष्ट लागू नये, सटवाईचं लक्ष जाऊ नये, काळानं 'हे काय, दगडच' म्हणून पुढे जावं, ही त्यामागची समजूत. शिवाय दगड टिकतो, ही आशाही त्यात होतीच. धोंडू आणि दगडू ही नावं अशी आली. त्यांच्याच पंगतीत केरू, केरबा, कचरू, भिकू, भिकाजी, धुळा, उकिर्डा ही नावं बसतात. वऱ्हाडात उकंडा, उकंडराव ऐकाल. मुलाचं नाक टोचून नथ घालायची आणि मुलगीच आहे असं भासवायचं, त्यातून नथू आणि नथुराम आले. काही ठिकाणी बाळ उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणायचे, किंवा नावापुरत्या किमतीला दुसऱ्या बाईला विकून 'परत घ्यायचे'. बंगालमध्ये याच चालीतून तिनकोडी, पाचकोडी अशी नावं झाली. तीन कवड्यांना किंवा पाच कवड्यांना घेतलेला, असा त्यांचा अर्थ. तुर्कस्तानात अशा घरात जन्मलेल्या मुलाला दुर्सुन म्हणत, म्हणजे 'राहू दे'.

आपल्या शेजारच्या कन्नड मुलखात तर याची जुळी भावंडं आहेत. तिथे गुंडू म्हणजे गोटा, त्यावरून गुंडप्पा. आणि मराठीत गुंडो, गुंडोपंत. कल्लू म्हणजे दगड आणि कल्लाप्पा हे नाव कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या पट्ट्यात घरोघरी ऐकू येतं, पण तिथे कल्लेश्वर या देवाचाही हात आहे. तिप्पे म्हणजे उकिरडा, त्यावरून तिप्पण्णा. सीमेवरच्या घराण्यांच्या वंशावळीत एका पिढीत धोंडो आणि पुढच्या पिढीत गुंडो असे दोन्ही सापडले तर चकित होऊ नका.

सटवाईपासून लपवणं ही एक वाट, आणि तिच्याच पदरात घालणं ही दुसरी. सटवा, सटवाजी ही नावं दुसऱ्या वाटेची. जतच्या डफळे घराण्याचे सटवाजीराव त्याचं ठळक उदाहरण. पीर-फकिराला नवस बोलून झालेल्या मुलांचीही तीच गोष्ट. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा धोंडो म्हणजे कुणी अडाणी माणसानं रागानं ठेवलेलं नाव, असं समजू नका. ते फार जपून ठेवलेलं नाव आहे.

हे भय किती खरं होतं, याचा अंदाज आज येत नाही. 1911च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास मुलं पहिला वाढदिवस पाहत नसत, आणि पुष्कळ मृत्यू नोंदलेच जात नसत. त्यावर देवीची साथ, पटकी, 1896 पासूनचा प्लेग, छप्पन्नचा (संवत 1956चा, म्हणजे 1899-1900चा) दुष्काळ, 1918चा इन्फ्लुएंझा. महाराष्ट्रात हा आकडा 2020 साली हजारी 16 होता. धोंडू नावाचं काय झालं, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

वंशावळीत हे कसं दिसतं ते सांगतो, कारण तुमच्या घरचा धोंडो कुठल्या प्रकारचा हे तुम्हालाच शोधता येईल. जुन्या वंशावळी लिहिताना बालपणी गेलेली मुलं बहुधा गाळत. फार तर 'अल्पायु' इतका शेरा. त्यामुळे कागदावर दिसतात ती जगलेली भावंडं, आणि त्यांच्या जन्मसालांतली अंतरं. थोरली बहीण, मग सात-आठ वर्षांची पोकळी, आणि मग धोंडो. ती पोकळी म्हणजे गेलेली मुलं. पाठोपाठ भिकाजी किंवा दगडू असेल तर शंकाच नको. त्यानंतरच्या भावाचं नाव मात्र गोविंद किंवा गणेश असं चारचौघांसारखं असतं. तोवर घराला धीर आलेला असतो. नावाचा अर्थ शोधायला शब्दकोश उघडण्याआधी भावंडांची यादी मांडा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पण प्रत्येक धोंडो असा नसतो. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत. एकदा एक धोंडो जगला, नावारूपाला आला, की त्याचा नातू धोंडो, आणि त्या नातवाचाही नातू धोंडो. धोंडो बल्लाळ, त्याचा मुलगा बल्लाळ धोंडो, त्याचा पुन्हा धोंडो बल्लाळ, असा झोका कोकणातल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला दिसतो. यातला पहिला भयातून आलेला, बाकीचे मानानं आलेले. तुमच्या पणजोबांच्या आजोबांचं नाव काय होतं हे आधी विचारा. तेही धोंडो निघाले, तर पणजोबांच्या जन्माच्या वेळी घरात कुणी गेलं होतं असं मानायचं कारण उरत नाही.

आणखी एक अडचण म्हणजे दोन नावं असणं. पत्रिकेतलं एक, वापरातलं दुसरं. गणिती आणि ज्योतिर्विद केरोपंत छत्रे, ज्यांच्या हाताखाली टिळक शिकले, त्यांचं नाव विनायक लक्ष्मण. पण 1884 साली ते वारले तेव्हाही जग त्यांना केरूनाना म्हणूनच ओळखत होतं. म्हणजे एखाद्या दस्तात विनायक आणि दुसऱ्यात केरो दिसला तर ते दोन माणसं नसतात. धोंडोच्या बाबतीत हे वारंवार होतं. मोडीत अनुस्वार पुष्कळदा देतच नाहीत, त्यामुळे 'धोडो' वाचायला मिळतं. इंग्रजी कागदांत तर स्वर कसेही फिरतात: सत्तावन्नच्या नानासाहेब पेशव्यांचा उल्लेख कंपनीच्या पत्रव्यवहारात 'धुंडू पंत' असा येतो, आणि त्यावरून कुणी त्यांना धुंडिराज करून टाकतं. ते धोंडोपंत.

शेवटच्या ओकाराविषयी बरेच जण विचारतात. खंडो, मोरो, विठो, केरो, गुंडो ही सगळी एकाच साच्यातली नावं. जुन्या मराठीत पुल्लिंगी एकवचनाला उ किंवा ओ लागत असे, तो अवशेष नावांत टिकला. पंत जोडलं की धोंडोपंत, बा जोडलं की धोंडिबा, राम जोडला की धोंडिराम, कन्नड वळणानं धोंडाप्पा. साधारणपणे धोंडो-धोंडोपंत ब्राह्मणी घरांत आणि धोंडिबा-धोंडिराम कुणबी, मराठा, धनगर वगैरे समाजांत, असं म्हणतात. ते ढोबळमानानंच खरं. पळसखेडच्या शेतकरी घरातले कवी महानोर हे नामदेव धोंडो होते.

प्रसिद्ध धोंडो म्हटलं की सर्वांत आधी महर्षी कर्वे. धोंडो केशव कर्वे, जन्म 18 एप्रिल 1858, शेरवली, रत्नागिरी जिल्हा. 1916 साली महिला विद्यापीठ, शंभरी गाठली त्या 1958 साली भारतरत्न, आणि 9 नोव्हेंबर 1962 रोजी मृत्यू, एकशे चार वर्षांचे होऊन. त्यांना हे नाव का दिलं गेलं यावर मी काही म्हणत नाही, पण दगडाचं नाव लाभावं तर असं! आता त्यांच्या मुलांची नावं बघा: रघुनाथ, शंकर, दिनकर, भास्कर. त्यात एकही धोंडू-भिकू नाही. एका पिढीत वारं कसं बदललं ते एवढ्यात कळतं. थोरले रघुनाथ 1882चे, ज्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ते आपल्याला 'र. धों.' म्हणून माहीत आहेत.

र. धों. कर्वे आणि 2023 साली गेलेले ना. धों. महानोर, या दोघांच्या नावात धोंडो आहे तो मधल्या जागी, वडिलांचा म्हणून, आणि तोही अनुस्वारासकट एका अक्षराचा. माझ्या पाहण्यात या नावाचं आजचं खरं वसतिस्थान हेच आहे. सातबाऱ्यावर, निवृत्तिवेतनाच्या कागदांवर, वारसनोंदीत धोंडो, धोंडिबा, धोंडिराम आजही भरपूर आहेत, पण बहुतेक बापाच्या किंवा आजोबांच्या रकान्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोकण आणि देशावरच्या मोठ्या घराण्याच्या जवळजवळ प्रत्येक शाखेत एक तरी धोंडो भेटतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शहरी शाखांत तो थांबतो. खेड्यांत धोंडिराम आणखी एखाद-दोन पिढ्या टिकला. त्या 'राम'नं त्याला हात दिला असावा. निव्वळ धोंडू त्याआधीच गेला.

मृत्यूंचं भय ओसरलं हे झालं निम्मं कारण. उरलेलं शाळेत घडलं. हजेरीपटावर नाव मोठ्यानं वाचलं जाऊ लागलं, आणि 'दगड' म्हणजे ढ मुलगा हा अर्थ वर्गात पक्का झाला. धोंडू हे विनोदी नाटकातल्या गड्याचं, गावंढळाचं नाव होऊन बसलं. कवी दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. लेखक म्हणून ते दया झाले. दलित कुटुंबांत अशा नावांना आणखी एक काच होता. तिथे हलकं नाव नेहमीच घरच्यांनी मायेपोटी ठेवलेलं नसे. चांगलं नाव ठेवायची मुभा गाव देत नसे, अशाही जागा होत्या. त्यामुळे एकाच नावाकडे दोन घरं वेगळ्या नजरेनं पाहतात आणि दोघांचंही बरोबर असतं. गंमत म्हणजे पुण्यात गणपतीच्या दिवसांत दगडू हे नाव लाखो लोकांच्या तोंडी असतं, दगडूशेठ हलवाईंमुळे, पण आपल्या बाळाला ते कुणी ठेवत नाही.

मुलींचा वेगळा विचार करायला हवा. धोंडाबाई, धोंडूबाई, दगडाबाई ही नावं होती आणि तीही बहुधा जगवण्यासाठीच. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी, जन्म 1927, कोल्हापूर. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या दगडाबाई शेळके. वंशावळीत मात्र त्या सापडत नाहीत, कारण लग्नात नाव बदलायचं आणि माहेरचं नाव कुणी लिहून ठेवायचं नाही. यांच्याशी नकुशीची गल्लत करू नये. नकुशी, नकोशी हे मुलगी नको म्हणून दिलेलं नाव. त्यात राखण्याचा भाव मुळीच नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींची ही नावं समारंभपूर्वक बदलण्यात आली. योग्यच झालं. पण तेव्हापासून 'जुनी वाईट नावं' म्हणून धोंडूबाईलाही त्याच यादीत टाकतात, ते मला पटत नाही.

जाता जाता एका मराठी धोंड्याची हकीकत, तुमच्या घराशी काही संबंध नसला तरी. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर-धारवाड पट्ट्यात इंग्रजांना जेरीस आणणारा धोंडजी वाघ मूळचा चन्नगिरीच्या मराठा घरातला. 10 सप्टेंबर 1800 रोजी आर्थर वेलस्लीच्या घोडदळानं त्याला कोनगल इथे गाठून मारलं. सामानात त्याचा लहानगा मुलगा सलाबत सापडला. त्या मुलाचा सांभाळ पुढे वेलस्लीनंच केला, हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी पैसेही ठेवले. दगडाचं नाव ल्यालेला बाप गेला आणि पोर शत्रूच्या घरी वाढलं.

आता तुमच्या बाळाचं. मला विचाराल तर कागदोपत्रीचं एकमेव नाव म्हणून धोंडो ठेवू नका. आजीला वाईट वाटेल, पण कारण सांगता येतं. गेल्या काही वर्षांत जुनी नावं परत आली हे खरं: मल्हार, मुक्ता, रमा, जिजा, यशवंत. ही ज्यांची नावं, ते देव किंवा ती माणसं लोकांना अजून आठवतात. धोंडोमागे एक भीती होती आणि ती आता कुणाला समजावून सांगावी लागते. प्रत्येक नव्या शिक्षकाला, प्रत्येक मित्राला ही गोष्ट सांगत बसण्याचं काम पोरावर येईल. मराठी मुलखाबाहेर 'धों' उच्चारणारे कमी. तिथे त्याचा डोंडो होणार. कर्व्यांचं नाव म्हणून ठेवतोय असं म्हणायचं असेल तर थोडं वजन येतं, तरी लोकांना ते 'महर्षी' म्हणून माहीत, धोंडो म्हणून नाही.

इंग्रजांकडे जसं मधलं नाव आजोबांचं घालता येतं, तशी सोय आपल्याकडे नाही. मधली जागा वडिलांची, आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम महाराष्ट्रात आहे. तिथे पणजोबा घुसवायला जागा नाही. मात्र पाळण्यात एकाहून अधिक नावं ठेवायची रीत आहे ना? बारशाला आत्यानं कानात धोंडो म्हणावं, घरच्या वंशावळीत तशी नोंद करावी, आणि दाखल्यावर तुमच्या आवडीचं नाव लिहावं. केरूनानांच्या घरात हेच तर झालं होतं, फक्त उलट्या बाजूनं. घाईही नाही: जन्माची नोंद वेळेत करायची, नाव मात्र त्या नोंदीत नंतरही घालता येतं, पहिल्या वर्षात शुल्काशिवाय, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

आणि ते ठरवण्याआधी आजीला विचारून पणजोबांच्या भावंडांची नावं वयाच्या क्रमानं लिहून घ्या, बहिणींसकट. गाव माहीत असेल तर तहसील कार्यालयात जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना 14, पाहायला मिळतात. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात, बऱ्याचशा मोडीत, त्यामुळे वाचणारा बरोबर न्या. बाळाचं नाव तिथे क्वचितच सापडेल, कारण नोंद 'अमक्यास मुलगा' एवढीच करत. म्हणून बापाच्या नावानं आणि सालानं शोधा, आणि पणजोबांच्या जन्माआधीची आठ-दहा वर्षं मृत्यूंच्या बाजूनं वाचून काढा. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पणजोबांचं दुसरं नाव लिहिलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला कुणी गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत घराण्याचा लेख असतो. गाव आणि आडनाव सांगितलं की ते काढून दाखवतात. तिथे पणजोबांच्या आजोबांचं नाव मिळालं, तर तुमचा धोंडो कुठल्या प्रकारचा हे मला कळवायचीसुद्धा गरज उरणार नाही.